मस्कतची उजवी, सोलापूरची डावी : विजापूर रोडवरच्या ड्रायव्हिंग क्लासचे पंधरा दिवस

आधी हिशेब सांगते. पंधरा दिवस, रोज पाऊण तास, साडेपाच हजार रुपये, पेट्रोल त्यांचं. गाडी जुनी पांढरी व्हॅगन-आर, शेजारच्या सीटपाशीही ब्रेक आणि क्लच. शिकवणारे एकच गृहस्थ, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणते. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि माणूस गुणी आहे. पाचपैकी चार तारे. एक का कापला, ते पुढे येईलच.

माझी अडचण जरा वेगळी होती. ती सांगितल्याशिवाय या क्लासचं मोल कळणार नाही. मी नर्स. अकरा वर्षं मस्कतला नोकरी केली आणि गाडी चालवायला तिथेच शिकले. सोलापुरात होते तेव्हा फक्त भावाच्या स्कूटीवर मागे बसायची. ओमानमध्ये लायसन्स सहजासहजी हातात पडत नाही. आधी ड्रम टेस्ट, म्हणजे पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची. मग चढावर थांबायचं आणि गाडी मागे सरकू न देता उचलायची. मग परीक्षक शेजारी बसून रस्त्यावर नेणार. ड्रममध्ये मी दोनदा नापास झाले. पुढे मात्र ड्युटीला जाता-येता कोरोला चालवली, अकरा वर्षांत कुणाला साधा ओरखडा नाही. फक्त हे सगळं रस्त्याच्या उजव्या बाजूने. आखातातले सगळेच देश उजवीकडून चालतात आणि स्टिअरिंग असतं डावीकडे.

मागच्या वर्षी कायमची परत आले. जुळे सोलापुरात घर, दारात भावाने माझ्यासाठी घेऊन ठेवलेली सेकंडहँड गाडी. परदेशी लायसन्स असलं की टेस्टमधून सूट मिळू शकते, तुम्ही कशाला शिकाऊ लायसन्स काढता, असं एका एजंटाने सांगितलं. कायद्यात तशी तरतूद आहे खरी. पण मी रीतसर शिकाऊ लायसन्स काढलं, आणि ते बरंच झालं.

पहिल्या दिवशी भावाला शेजारी बसवून निघाले. आसरा चौकाच्या अलीकडे वळायचं म्हणून इंडिकेटर दिला तर भर उन्हात वायपर काचेवर खरवडायला लागले. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना इंडिकेटर उजव्या हाताला आणि वायपर डाव्या हाताला, माझ्या हातांना सवय नेमकी उलटी. गिअर टाकायला गेले तर उजवा हात दारावर आपटला. पायांना तेवढं नव्याने काही शिकावं लागलं नाही, क्लच-ब्रेक-ॲक्सिलरेटर यांचा क्रम दोन्हीकडे तोच असतो. भाऊ हसून हसून दमला. घरी जाऊन आईला नक्कल करून दाखवली.

हे हसण्यावारी गेलं ते रविवारपर्यंत. रविवारी सकाळी सहाला होटगी रोडकडच्या एका पंपावर पेट्रोल भरलं. तिथे दुभाजक नाही. घराकडे यायचं म्हणजे पंपातून बाहेर पडून उजवीकडे वळायचं. मस्कतमध्ये उजवं वळण छोटं असतं, कडेकडेने घेतलं की झालं. तसंच घेतलं. इतकं सहज घेतलं की काही चुकलंय असा संशयही आला नाही. रस्ता मोकळा होता. शंभरेक फूट गेले असेन, समोरून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल आली. मी मनात म्हटलं, बघा, आपल्याकडे लोक कसे बिनधास्त राँग साइडने येतात! भाऊ ओरडला तेव्हा कळलं, राँग साइडने मी चालले होते. दूधवाला मातीत उतरला म्हणून निभावलं.

रस्त्यावर वाहनं असती तर मी चुकले नसते. वाहनांच्या रांगेत माणूस पुढच्याच्या मागे जातो, बाजू आपोआप बरोबर येते. मोकळा रस्ता, पहाटेची वेळ, पंपातून किंवा गल्लीतून नुकतंच बाहेर पडणं, अशा वेळी जुनी सवय डोकं वर काढते. दुसऱ्या दिवशी मी क्लासला नाव घातलं.

मामांनी पहिल्या दिवशी गाडीला हात लावू दिला नाही. मागच्या सीटवर बसवून सात रस्त्याला नेलं, कडेला उभं केलं आणि म्हणाले, "रस्ता वलांडून दाखवा."

साडेपाच हजार यासाठी का भरले, हा विचार करतच मी डावीकडे बघितलं, वाहन नाही म्हणून पाऊल टाकलं, आणि उजवीकडून एक रिक्षा अंगावरच आली. रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, कुठं बघलालाव?"

मामा शांतपणे म्हणाले, "हेच बघायचं होतं. तुमची मान चुकलीय, सिस्टर. हात मागनं दुरुस्त करू."

दोन दिवस आम्ही फक्त रस्ते ओलांडले. सात रस्ता, डफरीन चौक, मग पार्क चौक. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग निघता निघता परत उजवीकडे. मी घोकत होते आणि लोक आमच्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी मी मामांना चर्चिलची, म्हणजे पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या माणसाची, गोष्ट सांगितली. १३ डिसेंबर १९३१ ला हा गृहस्थ न्यूयॉर्कला फिफ्थ अव्हेन्यूवर टॅक्सीतून रस्त्याच्या मधोमध उतरला, सवयीप्रमाणे डावीकडे बघितलं आणि रस्ता ओलांडायला लागला. रस्त्याच्या मध्यापासून पुढच्या अर्ध्या भागात ब्रिटनमध्ये वाहनं डावीकडून येतात, अमेरिकेत उजवीकडून. गाडीने उडवलं, दवाखान्यात पडून राहावं लागलं. लंडनमध्ये तर परदेशी पाहुण्यांसाठी रस्त्यावरच 'उजवीकडे बघा' असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. मामा म्हणाले, "आपल्या सात रस्त्याला काय रंगवायचं मग? सगळीकडं बघा?"

पुढचं शिकवणं असं की मी आजही कुणाला सांगताना मामांचेच शब्द वापरते. ते 'डावीकडे ठेवा, डावीकडे ठेवा' असं एकदाही म्हणाले नाहीत. माझ्या डोक्यात डाव्या-उजव्याची खिचडी झालीय हे त्यांनी ओळखलं होतं. ते म्हणाले, "तुमचा उजवा खांदा रस्त्याच्या मधल्या अंगाला. बास. दुसरं काय बघू नका." मस्कतमध्ये माझा डावा खांदा मधल्या अंगाला असायचा. म्हणजे ड्रायव्हर दोन्हीकडे मध्याजवळच बसतो, समोरून काय येतंय ते त्यालाच आधी दिसावं म्हणून. हे कळल्यावर माझं अर्धं ओझं उतरलं. घरी येऊन पाकिटातली लाल टिकली काढली आणि काचेच्या उजव्या कोपऱ्यात खाली चिकटवली. टिकली मधल्या अंगाला, आपण बरोबर.

वळणांसाठी त्यांचं माप स्वयंपाकघरातलं. डावं वळण पुरीएवढं, उजवं वळण कडक भाकरीएवढं. उजवीकडे वळताना मी सारखी पुरी काढायची आणि मामा त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबून म्हणायचे, "भाकरी, भाकरी."

चौकाचं प्रकरण मात्र त्यांनी देवळात नेऊन सोडवलं. मस्कतमध्ये राउंडअबाउट पुष्कळ, आणि तिथे गोल डाव्या हाताला ठेवून फिरायचं. इथे उलट. माझा पुन्हा पुन्हा घोळ व्हायला लागला तेव्हा मामा म्हणाले, "सिद्धेश्वराला जाता का न्हाई? देवाला उजवं कसं घालताव? चौकालाबी तसंच उजवं घालायचं." खरंच की! प्रदक्षिणेत देव आपल्या उजव्या हाताला राहतो, आणि डावीकडून चालणाऱ्या देशात चौकही उजव्याच हाताला राहतो. अकरा वर्षं मी रोज दोन वेळा उलट्या प्रदक्षिणा घालत होते म्हणायचं.

मी त्यांना चिडवलं, "पण मामा, हे अडुसष्ट लिंगांचं गाव. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा कुठे असते? सोमसूत्री घालतात. पन्हळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं."

मामांनी समोर बोट दाखवलं. एक रिक्षा अर्ध्या चौकातून वळून आल्या वाटेने परत निघाली होती. "म्हणून तर," ते म्हणाले, "गाव आपलं लई धार्मिक हाय."

आठवड्याभराने हात वळला आणि आमच्या गप्पा सुरू झाल्या. क्लास सुटला की चहा. एक दिवस मामा म्हणाले, डावीकडून चालवणंच मुळात सुरक्षित. कारण काय, तर उजवा हात स्टिअरिंगवरून सुटत नाही, गिअर डाव्याने टाकायचा. आणि माणसाचा उजवा डोळा पक्का असतो, समोरून येणारं वाहन आणि मागचा आरसा दोन्ही त्याच डोळ्याच्या बाजूला येतं. मला वाटलं, हे एसटी डेपोतलं शास्त्र. रात्री वाचायला बसले तर निघालं की हे आधी साहेबाने म्हणून झालंय. जे. जे. लीमिंग नावाच्या ब्रिटिश रस्ते-अभियंत्याने १९६९ साली काही देशांचे आकडे ताडून पाहिले होते. डावीकडून चालणाऱ्या देशांत टकरीचं प्रमाण कमी, असं त्याला दिसलं. त्याचं कारण म्हणून उजव्या डोळ्याचा मुद्दा पुढे आला, कारण बहुतेक माणसांचा उजवा डोळाच वरचढ असतो. पण देश मोजकेच घेतलेत, त्यावरून ठाम बोलता येत नाही, हे लीमिंगनेच कबूल केलं होतं. मी मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांची छाती दोन इंच फुगली. कबुलीजबाबाचा भाग त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला.

मला ते पटलं नाही. नॉर्वे आणि स्वीडन उजवीकडून चालतात, ब्रिटन आणि जपान डावीकडून, आणि लोकसंख्येच्या मानाने रस्त्यावर सर्वांत कमी माणसं मरणाऱ्या देशांत या चौघांची नावं येतात. आपणही डावीकडूनच चालतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, सरकारी आकडा आहे. बाजूवर ठरत असतं तर आपण ब्रिटनच्या पंगतीला बसलो असतो. त्याच वर्षीच्या हिशेबात सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू वेगापायी नोंदले आहेत, आणि पन्नास हजारांवर माणसं हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेली. मस्कतला रात्रपाळीत जे आत आणले जायचे ते उजवीकडून चालवत आलेले असायचे, इथे डावीकडून. आमच्याकडे आल्यावर सलाइन लावायला दोन्ही हात सारखेच.

मग त्यांना स्वीडनची गोष्ट सांगितली. ही त्यांना फार आवडली, दोनदा सांगायला लावली. स्वीडन पूर्वी डावीकडून चालायचा, शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडून. गंमत अशी की डावीकडून चालूनही तिथल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडेच होतं, म्हणजे ड्रायव्हर कडेच्या अंगाला. ओव्हरटेक करायचं तर अर्धी गाडी बाहेर काढल्याशिवाय समोरचं दिसायचं नाही. ("म्हंजे खांदा चुकीचा," मामा.) १९५५ साली लोकांना विचारलं तर ८३ टक्क्यांच्या आसपास लोकांनी बदल नको म्हणून सांगितलं. तरी सरकारने ठरवलं. ३ सप्टेंबर १९६७, रविवार, पहाटेची वेळ. पाचला दहा मिनिटं कमी असताना रस्त्यावर होती नव्हती ती वाहनं थांबवली, सावकाश दुसऱ्या बाजूला नेऊन उभी केली, आणि पाचच्या ठोक्याला सगळा देश उजवीकडून चालायला लागला.

मामांनी विचारलं, "मेली किती?"

उलट झालं. अपघात कमी झाले. वेगमर्यादा उतरवलेली आणि जो तो जीव मुठीत धरून चालवणारा. पण दोनेक वर्षांत आकडे पुन्हा होते तिथे आले.

"भ्या मोडलं," मामा म्हणाले. आणि चहाचा ग्लास खाली ठेवून त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी मी चारांतले दोन तारे देते. "तुम्ही आता भिऊन चालवलालाव, म्हणून नीट चालवलालाव. दोन म्हैन्यांनी भ्या जाईल. तवा चुकाल. तवा एक रविवार या, पैसे नको." हा नियम ते सगळ्यांनाच लावतात, एकट्या माझ्यासाठी नाही. गाडी शिकवून झाल्यावर दोन महिन्यांनी परत बोलावणारा क्लास मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

म्यानमारची गोष्ट ऐकून मात्र ते अस्वस्थ झाले. तिथे १९७० मध्ये एकदम डावीकडून उजवीकडे आणलं, पण गाड्या राहिल्या जुन्या, उजव्या स्टिअरिंगच्या. पुढेही कित्येक वर्षं जपानहून वापरलेल्या गाड्या आणि बस येत राहिल्या, त्याही उजव्याच स्टिअरिंगच्या. बसचं दार डावीकडे आणि बस चालणार रस्त्याच्या उजवीकडून, म्हणजे उतारू उतरणार भर रस्त्यात. एसटीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सहनच होईना. "कंडक्टर काय करत असंल बिचारा?" दोन दिवसांनी गाडी चालू असताना मधेच म्हणाले, "त्यांनी दार तर फोडून घ्यायचं की दुसऱ्या अंगाला."

सामोआचं त्यांना लगेच पटलं. पॅसिफिक महासागरातल्या त्या छोट्याशा बेटांच्या देशाने ७ सप्टेंबर २००९ ला उजवीकडून डावीकडे उडी मारली, ती मुख्यतः ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला राहणाऱ्या नातेवाइकांना जुन्या गाड्या स्वस्तात घरी पाठवता याव्यात म्हणून. लोकांना सुटी दिली आणि तीन दिवस दारूविक्री बंद ठेवली. "दारू बंद केली ते ब्येस," इतकाच मामांचा शेरा.

आता तक्रारी.

गाडीचा डावा आरसा तुटलेला आणि चिकटपट्टीने बांधलेला. त्यात दिसतं ते आकाश. स्टिअरिंग ज्या बाजूला नसतं ती बाजू ड्रायव्हरला आंधळी, आणि सोलापुरात टू-व्हीलर डावीकडून घुसल्याशिवाय दिवस मावळत नाही. ब्रिटनमध्ये युरोपातून येणारे डाव्या स्टिअरिंगचे ट्रक लेन बदलताना शेजारच्या गाड्यांना घासायचे, म्हणून तिथल्या सरकारी यंत्रणेने त्या ट्रकवाल्यांना खिडकीला चिकटवायची चपटी भिंगं वाटली होती. एवढं महत्त्व त्या कोपऱ्याला. मामांना तीन वेळा सांगितलं. तीन वेळा "उद्या बसवतो" म्हणाले. पंधराव्या दिवशीही चिकटपट्टीच होती, फक्त नवी.

दुसरं, हायवेवर नेत नाहीत आणि रात्री शिकवत नाहीत. सोलापूरला पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजयपूर असे दोन मोठे हायवे येऊन मिळतात. इथल्या माणसाला गाडी येते म्हणजे हायवेवर येते. त्यात उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा असला तर नशीब. हे रात्रीचं शिकणं मला भावाकडून शिकावं लागलं आणि आम्ही दोघं भांडलो.

तिसरी तक्रार मोठी, तारा तिच्यापायी गेला. नववा दिवस. विजापूर रोडने परत येत होतो. क्लास रस्त्याच्या पलीकडे, दुभाजकाचा कट बराच पुढे. आम्ही नेमके गल्लीतून त्या चुकीच्या अंगाला निघालो होतो. मामा म्हणाले, "इथनंच घ्या, कडंकडंनं. कट लई लांब पडतोय."

मी गाडी थांबवली. नऊ दिवस उजवा खांदा, उजवा खांदा करणारा हा माणूस. म्हटलं, "मामा, हे राँग साइड आहे."

"दोनशे फूट तर हाय, सिस्टर. सगळीच जात्यात."

सगळे जातात हे खरंच होतं. आमच्या डोळ्यांदेखत तीन मोटरसायकली आणि शाळेच्या पोरांनी भरलेली एक रिक्षा गेली. २०१९ पासून वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं, दंड पाच हजारांपर्यंत जाऊ शकतो. मामांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, शिकाऊ लायसन्सची प्रश्नपत्रिका तेच पोरांकडून पाठ करून घेतात. २०२२ च्या मृत्यूंमध्येही सुमारे पाच टक्के वाट्याला राँग साइड आणि लेन मोडणं आहे.

पण मी थांबले ते दंडाला भिऊन नाही. मला माहीत होतं की ते दोनशे फूट मला अवघड गेले नसते. बाकीच्यांना राँग साइडला निदान आत कुठेतरी टोचतं. मला तिथे घरी आल्यासारखं वाटलं असतं. उजव्या कडेने गाडी अलगद चालली असती, खांदे सैल पडले असते, आणि नऊ दिवसांची मेहनत त्या दोनशे फुटांत सांडली असती. हे मी मामांना सांगितलं तसं ते गप्प झाले. डावीकडे वळून पुढे गेले, पुढच्या जागी वळून घेतलं, सहा-सात मिनिटं जास्त लागली. चहाचे पैसे त्या दिवशी त्यांनी दिले. माझ्यासमोर पुन्हा तसं कधी सांगितलं नाही, पण दुसऱ्या पोरांना घेऊन त्याच कडेने येताना मी त्यांना नंतर पाहिलंय. म्हणून चार तारे.

लायसन्सची टेस्ट पास झाले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मामांचं भाकीत खरं ठरायला सात आठवडे लागले. तोवर मी इथल्या एका दवाखान्यात लागले होते, गाडी रोजची झाली होती, वायपरचा विसर पडला होता. एका रात्री डबल ड्युटी करून पार्किंगमध्ये आले, दार उघडलं, बसले, किल्ली लावायला गेले तर पुढे स्टिअरिंगच नाही. मी डावीकडे बसले होते. क्षणभर वाटलं, चोरीला गेलं. वॉचमन बघत होता, म्हणून पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि उतरून दुसरीकडून बसले. त्या रात्री घरी जाताना बडबडत गेले, खांदा, खांदा, टिकली, टिकली.

दुसऱ्या दिवशी मामांना फोन केला. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "दारातच चुकलाव, रस्त्यावर न्हाई. रविवारी सहाला या."

रविवारी त्यांनी मला त्याच पंपावर नेलं. जागा मी त्यांना कधीतरी गप्पांत सांगितली होती, त्यांच्या लक्षात होती. रस्ता तसाच मोकळा. शंभर रुपयांचं पेट्रोल घेतलं आणि बाहेर तोंडाशी येऊन थांबले. मामा खिडकीबाहेर बघत बसले होते, एक शब्द नाही. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, परत उजवीकडे. मग पलीकडच्या कडेपर्यंत जाऊन अख्ख्या भाकरीएवढं वळण घेतलं. टिकली मधल्या अंगाला होती. शंभरेक फुटांवर समोरून एक स्कूटर आली, माझ्याच अंगाला, बिनहेल्मेटची, मागे भाजीचं पोतं. मी ब्रेक दाबला आणि पुन्हा एकदा टिकलीकडे बघून खात्री केली, कारण मागच्या वेळचा अनुभव होता.

"तुम्ही न्हाई," मामा म्हणाले, "या टायमाला तो."

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. आखातातून परत आलेल्यांनी इथे डोळे मिटून जावं, म्हणजे गाडीत बसल्यावर उघडावेत. मुला-मुलीकडे अमेरिकेला जाऊन तिथे चालवायचा विचार असेल तर हा क्लास उपयोगाचा नाही. आंतरराष्ट्रीय परवाना कागदावर मिळतो, मान तिथे जाऊनच फिरवावी लागते. नवशिक्या पोरांनी हायवे आणि रात्रीचं आधी बोलून घ्यावं. सकाळची सहाची बॅच मागा, सातनंतर शाळांच्या रिक्षा सुरू होतात. फीची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि पैसे भरण्याआधी बाहेर जाऊन डावा आरसा तेवढा बघून घ्या.